ओकाचं पाइनचं रान आणि १७१७ सालचा फेरफार

शंकूसाखळी:

नमस्कार मंडळी. मुलीकडे मॉन्ट्रियलला आलोय. अख्खी नोकरी भूमी अभिलेखात गेली, त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी बांधावर जाते, देखाव्यावर मागाहून. परवा जावई म्हणाले, चला बाबा, ओकाला जाऊ, तिथलं चीझ नावाजलेलं आहे. तासाभराचा रस्ता. वाटेत सफरचंदाच्या बागा, खाली तळ्यासारखी पसरलेली नदी. चीझ घेतलं आणि परतताना गाडी एका पाइनच्या रानापाशी थांबवली. उंच सरळसोट झाडं, पायाखाली मात्र माती नाही, वाळू. बुटात शिरते. बाजूला दफनभूमी, पलीकडे गोल्फचं हिरवंगार मैदान. रस्त्याकडेला लाल झेंडा, त्यावर पिवळा सूर्य आणि सूर्यात माणसाचा चेहरा.

जावई म्हणाले, "बाबा, १९९० साली इथे लष्कर आलं होतं. या गोल्फपायी."

गोल्फपायी लष्कर? घरी आल्यावर चार दिवस दुसरं काही वाचलं नाही. जे हाती लागलं ते माझ्या भाषेत मांडतो. चुकलं तर कान धरा.

मूळ फेरफारापासून सुरुवात करू. आमच्या खात्यात म्हणायचे, शेवटची नोंद कोणीही वाचतो, पहिली वाचणारा शहाणा. १७१७ साली फ्रान्सच्या राजवटीने इथला मोठा पट्टा सुल्पिशियन नावाच्या कॅथलिक पाद्र्यांच्या सेमिनरीला, म्हणजे त्यांच्या धर्मसंस्थेला, दिला. कशासाठी? मॉन्ट्रियल बेटावरच्या मिशनमधले आदिवासी इथे आणून वसवायचे म्हणून. म्हणजे आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखा प्रकार. देवाच्या नावाने दिलेली जमीन, पुजाऱ्याने सांभाळायची, तो मालक नव्हे. या आदिवासींतले मोहॉक लोक, त्यांच्या स्वतःच्या भाषेत कानिएनकेहाका म्हणजे गारगोटीच्या भूमीचे लोक, यांचा समज असा की जमीन आमची आणि पाद्री राखणदार. शिवाय हा मुलूख आपल्या पूर्वजांचाच होता, राजा देणारा कोण, हाही त्यांचा मुद्दा आहेच. पाद्र्यांचा समज असा की जमीन आमची आणि हे लोक आमच्या परवानगीने राहतात. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कब्जेदार सदरी सेमिनरी, आणि इतर हक्कातसुद्धा मोहॉकांचं नाव नाही.

त्यांच्याकडे दस्तऐवज नव्हता असंही नाही. वाम्पम म्हणजे शिंपल्याच्या मण्यांचा विणलेला पट्टा. करार, हद्दी, वचनं यांत गुंफायची. या गावाच्या पट्ट्यात दोन टोकांना दोन कुत्री आहेत, जमिनीची राखण करणारी. अठराव्या शतकाच्या अखेरीस, तोवर फ्रान्स जाऊन इंग्रजांची राजवट आली होती, इंग्रजांपुढे तो पट्टा ठेवून ते सांगत होते, हा आमचा कागद. इंग्रजांना शाईचा कागद हवा होता.

पुढे १८४० साली इंग्रज सरकारने वटहुकूम काढून सेमिनरीची मालकी पक्की केली. १८६८ साली जोसेफ ओनासाकेन्राट नावाचा विशीतला तरुण प्रमुख झाला. याला पाद्र्यांनीच शिकवला होता. शिकला, कागद वाचता यायला लागला आणि उलटून पाद्र्यांनाच पत्र लिहिलं की जमीन आमची आहे, सोडा. पुढच्या वर्षी हत्यारबंद माणसं घेऊन सेमिनरीच्या दारात गेला आणि आठ दिवसांची मुदत दिली. उपयोग झाला नाही, धरपकड झाली. १८७७ साली कॅथलिक चर्च जळालं, खटल्यामागून खटले झाले, शिक्षा कोणालाच झाली नाही.

आणि हे पाइनचं रान. नैसर्गिक नाही हो ते! इथली वाळू उडून गावावर यायची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाडं लावली. लावणाऱ्या हातांत मोहॉकांचे हात होते. लावलेलं झाड आणि पुरलेली माणसं, वहिवाटीचा याहून मोठा पुरावा मी तरी नोकरीत पाहिला नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९३६ साली सेमिनरीने उरलीसुरली जमीन विकली. १९४५ साली केंद्र सरकारने त्यातले काही तुकडे मोहॉकांसाठी विकत घेतले, तेही विखुरलेले. बुद्धिबळाच्या पटासारखं, हे घर आदिवासींचं, शेजारचं गावातल्या फ्रेंच माणसाचं. १९६१ साली नऊ होलांचं गोल्फ मैदान झालं. १९७५ साली केंद्र सरकारने मोहॉकांचा दावा फेटाळला. १९७७ साली दुसरा दाखल केला, तो नऊ वर्षांनी, १९८६ साली फेटाळला. १९८९ साली ओका नगरपालिकेचे महापौर ज्यां वेलेट यांच्या काळात ठरलं की मैदान नवाचं अठरा होलांचं करायचं आणि बाजूला साठेक आलिशान घरं बांधायची. पाइनचं रान तोडून, दफनभूमीला खेटून.

मार्च १९९० मध्ये लोकांनी रानातल्या कच्च्या वाटेवर अडथळा टाकला. हमरस्ता नव्हे, कच्ची वाट. नगरपालिकेने कोर्टातून मनाई हुकूम आणला. क्युबेक प्रांताचे आदिवासी खात्याचे मंत्री जॉन सियाचिया यांनी महापौरांना पत्र लिहून थांबायला सांगितलं. महापौर थांबले नाहीत.

११ जुलैच्या पहाटे सव्वापाचला प्रांताचे शंभरेक पोलीस आले. अश्रुधूर सोडला तर वारा फिरला आणि धूर पोलिसांच्याच तोंडावर आला. गोळीबार झाला, काही क्षणांचाच. मार्सेल लेमे हा एकतीस वर्षांचा कॉर्पोरल गेला. पोलीस माघारी पळाले, गाड्या आणि आणलेला लोडर तिथेच टाकून. लोकांनी तोच लोडर चालू केला, त्यानेच पोलिसांच्या गाड्या चिरडून ३४४ नंबरचा हमरस्ता बंद केला. तिथून अठ्ठ्याहत्तर दिवस. बाकीचं प्रतिसादांत लिहितो, बोटं दुखली.

चिंचोका:

काका, जबरदस्त. "इतर हक्कातसुद्धा नाव नाही" वाचून आमचा कोकणातला खोत आठवला. पुढचं लवकर टाका.

रात्रपाळी:

शंकूसाखळी साहेब, तुम्ही चार दिवस वाचलंत, मी ते अठ्ठ्याहत्तर दिवस इथेच काढलेत. लिहू का नको असं झालं, कारण यात माझीही शोभा आहे.

मी ८७ साली आलो. लासालला राहायचो, नोकरी नदीपलीकडे दक्षिण तीरावर. मधे मर्सिए पूल. हा पूल पलीकडे जिथे उतरतो ती जमीन कानावाके या मोहॉक गावाची. कानेसाताकेवर, म्हणजे ओकाच्या त्या मोहॉक वस्तीवर, पोलीस चालून गेल्याचं कळल्यावर त्याच दिवशी कानावाकेवाल्यांनी भाऊबंदांसाठी पूल बंद केला. माझा पंचवीस मिनिटांचा रस्ता दोन-अडीच तासांचा झाला. रात्रपाळी करून सकाळी घरी यायला दहा-अकरा वाजायचे. मुलगी चार महिन्यांची. मी मोहॉकांना मराठीत ज्या शिव्या दिल्यात त्या इथे लिहिल्या तर संपादक मंडळ खातं बंद करेल.

कोणाची जमीन, कसली दफनभूमी, काही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही. कारखान्यात सगळेच चिडलेले, त्यांच्यात मिसळायची ही सोपी वाट होती. पुलापलीकडच्या शातोगे गावात रोज संध्याकाळी जमाव जमायचा, मोहॉकांचे पुतळे जाळायचा. टीव्हीवर बघताना एका रात्री बायको म्हणाली, "उद्या आपल्यावर चिडले तर?" मी टीव्ही बंद केला.

२८ ऑगस्टला लष्कर कानावाकेत शिरणार म्हणून तिथली म्हातारी माणसं, बायका, मुलं गाड्यांतून पुलावरून बाहेर पडत होती. पुलाच्या अलीकडे रस्ता जिथे खोलगट होतो तिथे वर जमाव उभा होता. त्या गाड्यांवर दगड पडले, चांगले मोठे. काचा फुटून मागच्या सीटवरच्या मुलांवर. एक एकाहत्तर वर्षांचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने गेले. ती जागा माझ्या रोजच्या रस्त्यावरची. लासालच्या बाजूची. माझ्या बाजूची.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. ज्या लोकांनी पूल अडवला ते पूल बांधणारे लोक आहेत. कानावाकेचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या उंचावरचं लोखंडकाम करतात, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींचे सांगाडे त्यांनी उभे केलेत. १९०७ साली क्युबेकचा पूल बांधताना कोसळला, पंचाहत्तर माणसं मेली, त्यातली तेहतीस या एका गावची. विचार करा, एका गावात एका दिवशी तेहतीस. आणि १९५० च्या दशकात मोठ्या जहाजांसाठी सेंट लॉरेन्सचा कालवा काढला तेव्हा याच गावाची नदीकाठची जमीन सरकारने घेतली, गाव नदीपासून तुटलं. पूल अडवताना त्यांच्या डोक्यात काय असेल ते मला आता थोडंसं कळतं. तेव्हा फक्त माझी झोप कळत होती.

खडूस_नाना:

लेख चांगला, पण एकतर्फी. एक पोलीस मेला आहे. ३१ वर्षांचा. कोर्टाचा हुकूम बजावायला आलेला सरकारी नोकर. तोंडाला फडकी बांधून रायफली घेऊन उभं राहणाऱ्यांना तुम्ही "लोक" म्हणता? आपल्याकडे कोणी असं केलं तर काय म्हणाल? आणि माझ्या वाचनात आहे की यातले बरेच वॉरियर, म्हणजे हे हत्यारबंद लढवय्ये, बाहेरून आले होते, सिगारेटची तस्करी, जुगाराचे अड्डे, तो सगळा मामला.

शंकूसाखळी:

नाना, मुद्दा टाळत नाही. लेमे ज्या गोळीने गेला ती मोहॉकांच्या बाजूने आली, असाच निष्कर्ष नंतरच्या चौकशीत निघाला. कोणी झाडली ते सिद्ध झालं नाही, कोणाला त्याबद्दल शिक्षा झाली नाही. त्याच्या घरच्यांना यातून काय मिळालं? काही नाही.

बाहेरचे आले हेही खरं. आक्वेसास्ने या तिसऱ्या मोहॉक वस्तीत त्याच वसंतात जुगारावरून आपापसात गोळ्या चालून दोन माणसं गेली होती, तिथले वॉरियर इकडे आले. कानेसाताकेतही एकमत नव्हतं. सरकारी कायद्याने चालणारी बँड कौन्सिल एकीकडे, परंपरेने चालणारं लाँगहाउस दुसरीकडे, बंदुका नकोत म्हणणारेही होते. गाव म्हटलं की गट आलेच.

पण क्रम बघा. मार्च ते जुलै तिथे चार महिने लोक बसून होते. रायफली होत्या, पण चालल्या नव्हत्या. पत्रं चालू होती, मंत्री स्वतः थांबा म्हणत होता. मोजणीला गेल्यावर एखादा शेतकरी कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा असायचा, तेव्हा आम्ही बांधाच्या या बाजूला बसून तंबाखू मळायचो. दुपारपर्यंत तो खाली बसायचा. पहाटे सव्वापाचला अश्रुधूर घेऊन जाणं हा मोजणीचा मार्ग नव्हे.

माळरान:

एक गंमत, म्हणजे गंमत नाही. या प्रकरणाचा एक फोटो जगभर गेला. १ सप्टेंबर १९९०, शेनी कोमुलाइनेन यांनी काढलेला. एक कोवळा सैनिक आणि फडकं बांधलेला वॉरियर, नाकाला नाक लावून. सैनिक पॅट्रिक क्लूतिए. समोरच्याला लोक अजूनही "लझान्या" टोपणनावाचा रोनाल्ड क्रॉस समजतात. तो नव्हेच. तो ब्रॅड लारॉक, मोहॉकसुद्धा नाही, ओजिब्वे या दुसऱ्या आदिवासी जमातीचा, सस्कॅचेवान प्रांतातून आलेला अर्थशास्त्राचा विद्यार्थी. तोंड झाकलं की सगळे सारखेच दिसतात बघणाऱ्याला.

वकिलीण:

शंकूसाखळी काका, तुम्ही एक नोंद गाळलीत आणि तीच सगळ्यात मोठी. १९१२ ची.

मोहॉकांनी गोळी न झाडता, अगदी रीतसर, कोर्टात दावा लढवला होता. खालून वर जात तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत, गेला. निकाल सेमिनरीच्या बाजूने. १८४० च्या वटहुकुमाने मालकी सेमिनरीला दिली आहे, मोहॉकांनी मालकी सिद्ध केलेली नाही, संपलं. हीच ती प्रिव्ही कौन्सिल जिथे आपल्या मुंबई इलाख्यातली अपिलंही जायची. ताई महाराज प्रकरण तिथेच १९१५ साली लोकमान्यांच्या बाजूने सुटलं. टिळकांना तिथे न्याय मिळाला कारण दोन्ही पक्ष एकाच प्रकारच्या कागदावर भांडत होते. मोहॉक मण्यांचा पट्टा घेऊन गेले असते तर तो कोणत्या कलमाखाली दाखल करून घेतला असता?

त्यामुळे १९७५ चा नकार वाचताना हसावं की रडावं कळत नाही. अनादि काळापासून अखंड ताबा दाखवा, असा निकष. ताबा ज्याने हिरावला त्याच्याच दप्तरात ताब्याचा पुरावा शोधायचा. @खडूस_नाना, हत्यार उचलणं बरोबर असं मी म्हणत नाही. पण "कोर्टात जायचं होतं" हे त्यांना सांगू नका. जाऊन आले होते.

फोडणीचा_भात:

बायकांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून येते.

हौदेनोसौनी लोकांत, म्हणजे ज्या महासंघात मोहॉक येतात त्यांच्यात, कूळ आईकडून चालतं. प्रमुख निवडायचा आणि काढायचा अधिकार कुळातल्या वडील बायकांचा. जमीन हा बायकांचा विषय. म्हणून ११ जुलैच्या पहाटे पोलीस आले तेव्हा पुढे बायका उभ्या राहिल्या. पोलिसांनी विचारलं, तुमचा पुढारी कोण? समोर बायका उभ्या असताना! एलन गॅब्रिएल तेव्हा प्रवक्ती होती, त्याच वर्षी ललित कलेची पदवी घेतलेली मुलगी. पुढचे अडीच महिने देशभरच्या कॅमेऱ्यांना तिने तोंड दिलं.

आणि शेवटचा दिवस, २६ सप्टेंबर. तोवर क्युबेकचे मुख्यमंत्री रोबेर बुरासा यांनी लष्कर बोलावलेलं, चार हजारांवर सैनिक, काटेरी तारा, आणि मधे एका व्यसनमुक्ती केंद्राच्या इमारतीत पन्नासेक माणसं कोंडलेली. त्यात बायका आणि लहान मुलंही. त्यांनी रायफली सुट्या केल्या, तुकडे मैल्याच्या टाकीत टाकले, तंबाखू जाळून प्रार्थना केली आणि बाहेर चालू लागले. शरण यायला नव्हे, घरी जायला. सैनिकांना वाटलं रांगेत हात वर करून येतील. गोंधळ उडाला, झटापट झाली. चौदा वर्षांची वानीक हॉर्न-मिलर चार वर्षांच्या बहिणीला कडेवर घेऊन चालली होती. तिच्या छातीत संगीन घुसली, हृदयाजवळ. ती वाचली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या वॉटर पोलो संघातून खेळली.

मला ती टाकी डोळ्यांपुढून हलत नाही. हत्यारं कोणाच्या हातात द्यायची नाहीत म्हणून कुठे टाकली बघा.

खडूस_नाना:

वकिलीणबाई, १९१२ चं माहीत नव्हतं. तेवढा मुद्दा मान्य. बंदुकीबद्दल माझं मत बदललेलं नाही.

चिंचोका:

मग शेवटी जमीन मिळाली का? आपल्याकडे पंचेचाळीसच्या वारली उठावानंतर वेठबिगारीला निदान हादरा तरी बसला. इथे?

शंकूसाखळी:

चिंचोका, वारली उठाव जमीनदाराच्या वेठीविरुद्ध होता, इथे भांडण थेट राज्याच्या दप्तराशी. दोन्ही एकाच मापात घालायला नको. पण प्रश्न रास्त आहे.

गोल्फचा विस्तार रद्द झाला, कायमचा. वादातली जमीन केंद्र सरकारने विकत घेतली. बाहेर आलेल्यांवर खटले चालले, १९९२ साली ज्युरीने बहुतेकांना निर्दोष सोडलं. १९९१ मध्ये आदिवासींच्या प्रश्नांवर शाही आयोग नेमला, त्याचा जाडजूड अहवाल १९९६ साली आला. २००१ साली कानेसाताकेच्या जमिनीच्या कारभारासाठी संसदेत कायदा झाला, त्याच्या नावातच "अंतरिम" शब्द आहे. २००८ साली जुना दावा वाटाघाटीला घेतला. वाटाघाटी चालू आहेत. आमच्या खात्यात याला "प्रकरण प्रलंबित" म्हणायचे आणि फाइलला लाल फीत बांधायचे. १७१७ च्या नोंदीची दुरुस्ती काही झालेली नाही.

रात्रपाळी:

अजून एक, नानांसाठी. मार्सेल लेमेची बहीण फ्रान्सीन. भाऊ गेल्यावर कितीतरी वर्षं तिने या विषयाकडे पाहिलं नाही. मग कानेसाताकेच्या लोकांनी स्वतः लिहिलेला आपल्या गावाचा इतिहास तिच्या हाती आला. तोवर १७१७ वगैरे काही तिच्या कानावर आलेलं नव्हतं. पुढे तिने त्याच पुस्तकाचा फ्रेंच अनुवाद केला. पेशाने अनुवादकच होती ती.

मी पुलावरून अजून जातो. आता निवृत्त आहे, मुलीकडे जायचं म्हणून. ती पलीकडे राहते.

फोडणीचा_भात:

@रात्रपाळी, हे लिहिलंत ते बरं केलंत.

माळरान:

बाकी सगळं राहू द्या, काका, चीझ कसं होतं?

शंकूसाखळी:

खायला मऊ, लोण्यासारखं. वास मात्र असा की मुलीने डबा बाल्कनीत ठेवलाय. ओकाला ट्रॅपिस्ट संन्यासी होते, त्यांनी ते सुरू केलं. त्यांना मठासाठी जमीन दिली ती सुल्पिशियन सेमिनरीनेच, १८८१ साली. हे मला काल रात्री सापडलं. त्याच १८८१ साली ओकातली काही मोहॉक कुटुंबं रोजच्या कटकटींना कंटाळून बिऱ्हाड उचलून ऑंटॅरिओतल्या वाह्टाला निघून गेली.

अर्धा तुकडा शिल्लक आहे. जावई म्हणतात संपवा, मला काही घास जाईना.